झिजलेले दोन पाय

मित्रांनो, माझे पाय चार आहेत, पण झिजले आहेत ते फक्त मागचे दोन. मी एक जुने, उंच लाकडी स्टूल आहे. अंगावर इतक्या रंगांचे शिंतोडे आहेत की माझा मूळ रंग कोणता, हे आठवायला मलाही वेळ लागतो.

दाराच्या चौकटीतून उरलेल्या लाकडाचे सुताराने मला बनवले. ‘‘हत्ती उभा राहिला तरी हलणार नाही,’’ असे तो गिऱ्हाइकाला म्हणाला. गिऱ्हाईक होता एक रंगारी. हत्ती काही कधी आला नाही, पण रंगारी माझ्यावर एकवीस वर्षे उभा राहिला. छताचे कोपरे, खिडक्यांच्या वरच्या पट्ट्या, सगळे आम्ही दोघांनी रंगवले. लोक भिंतींचे कौतुक करायचे, रंगाऱ्याचेही करायचे. माझे कुणी केले नाही, पण त्याची मला सवय झाली.

रंगाऱ्याचे एक उत्तर ठरलेले होते. भिंत ओली असो, नाहीतर घरमालकाकडे परवाच पाहुणे येणार असोत, तो म्हणायचा, ‘‘होऊन जाईल.’’ आणि खरेच व्हायचे. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचे नाही, हा त्याच्या धंद्याचा कायदाच होता.

मग एक दिवस तो पडला. माझ्यावरून नाही, हे आधीच सांगून टाकतो. शिडीवरून पडला. कंबर गेली आणि डावा पाय नावापुरता उरला. काम सुटले. सरकारी कार्यालयातून अपंगांचा भत्ता सुरू झाला आणि त्यावर तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा टिकली. बायको आधीच वारली होती. घरात तो, झेरॉक्सच्या दुकानात काम करणारी मुलगी आणि मी.

माझी नेमणूक स्वयंपाकघरात झाली. मुलगी घरी असली की तो माझ्यावर बसून भाजी चिरायचा. ती नऊला बाहेर पडली की माझे खरे काम सुरू व्हायचे. तो माझ्या पाठीमागे उभा राहून दोन्ही हात बैठकीवर टेकायचा, मला स्वतःकडे कलता करायचा आणि वीतभर पुढे रेटायचा. मग एक पाऊल टाकायचा. ओट्यापासून पलंगापर्यंत असे एकोणीस वेळा. दारावर थाप पडली की मात्र मी मोरीत. ज्याच्यावर उभे राहून नाव कमावले, त्यालाच धरून चालताना लोकांनी बघावे, हे त्याला सोसत नव्हते.

कार्यालयातून तपासणीस बाई आल्या, तेव्हाही मी मोरीतच होतो.

‘‘चहा वगैरे करता येतो का तुम्हाला?’’ त्यांनी विचारले.

‘‘होऊन जाईल की!’’ तो म्हणाला. एका हाताने ओटा धरून त्याने चहा केला. बाईंनी चहाची तारीफ केली आणि अहवालात लिहिले, ‘स्वतः उभे राहून चहा करतात. मदतीची गरज दिसत नाही.’ पुढचे दोन दिवस तो पलंगावरून उठला नाही. मुलीला त्याने थंडीताप सांगितला. अहवालात ते कुठून येणार?

भत्ता बंद झाला. मुलीने अपील केले. अपील फेटाळले गेले तर जागा सोडून चुलत्याकडे जावे लागणार होते. चुलता चौथ्या मजल्यावर राहायचा आणि तिथे लिफ्ट नव्हती. एकदा वर चढवले की आपण पुन्हा रस्ता बघणार नाही, हे रंगाऱ्याला कळत होते.

सुनावणीच्या आदल्या रविवारी मुलीने त्याची तालीम घ्यायला सुरुवात केली. त्याचाच चष्मा नाकावर ठेवून ती साहेब झाली.

‘‘आंघोळ स्वतः करता?’’

‘‘होऊन जाते.’’

‘‘किती वेळ लागतो?’’

‘‘तुझ्या आईपेक्षा कमीच.’’

ती हसली आणि मग चिडली. ‘‘बाबा, आपण तिथे रंगाचं काम मागायला चाललो नाही!’’

‘‘मग काय त्यांच्यापुढे गळा काढू?’’

‘‘गळा नका काढू. आहे ते सांगा.’’

रागारागाने ती चहा करायला उठली आणि तिने मला बाजूला सरकवले. मी मागे कललो. तिने मला उचलून टेबलावर उलटे ठेवले. पुढच्या पायांपेक्षा मागचे दोन्ही पाय दोन बोटे आखूड भरले.

‘‘हे असे कसे झिजले?’’

तो माझ्या पायावरून अंगठा फिरवत म्हणाला, ‘‘मी झिजवले.’’

‘‘कधी?’’

‘‘रोज. तू गेल्यावर.’’

मग त्याने सगळे सांगितले. एकोणीस वेळा रेटणे, मला मोरीत दडवणे, त्या चहानंतरचे दोन दिवस. मुलगी लिहून घेत होती. तिला रडू येत होते, पण लिहिणे तिने थांबवले नाही.

‘‘याच्या पायांचा फोटो काढून नेऊ या,’’ शेवटी ती म्हणाली.

‘‘फोटो कशाला? त्यालाच नेऊ.’’

मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घालून, सगळ्यांच्या देखत, मला रेटत तो सुनावणीच्या खोलीत गेला. फरशीवर माझा फार मोठा आवाज झाला. टेबलामागे तीन अधिकारी होते. मधल्यांनी कागदातून मान वर केली.

‘‘इथे लिहिलंय, चहा स्वतः करता. येतो ना करता?’’

त्याचे तळवे माझ्यावर घट्ट दाबले गेले.

‘‘होऊन...’’ तो म्हणाला आणि थांबला.

‘‘नाही साहेब. नाही होत.’’

एकवीस वर्षे मी त्याचे वजन पेलले आहे. त्या दोन शब्दांइतका जड तो मला कधीच लागला नव्हता. मधले साहेब टेबलाला वळसा घालून आले, खाली वाकले आणि माझे पाय बघत राहिले.

महिन्याभराने पत्र आले. भत्ता पुन्हा सुरू झाला आणि तळमजला राहिला. मुलीने माझ्या मागच्या पायांना लाकडाचे तुकडे जोडून चारही पायांना रबरी बूट घातले. आता कुणी आले तरी मी मोरीत जात नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, हे तर तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढेच सांगेन, की घरात कुणी ‘‘माझं काय, होतंय की’’ असे रोज म्हणत असेल, तर तो माणूस जिला धरून उठतो, ती वस्तू एकदा उलटी करून बघा.