दोघी घ्या, नाहीतर एकही नाही

मला भाव करता येतो. आमच्या गावात कोणालाही विचारा. शेतावरच्या लिलावात मी दिसले की बापे हळूच म्हणतात, "आर्डिस आली रे, आता काही खरं नाही." शाळेच्या स्वयंपाकघरात पंचवीस वर्षं काढली, पण बटाटेवाल्यापासून साबणवाल्यापर्यंत एकालाही सांगितला दाम कधी दिला नाही. याचा मला अभिमान होता, उगाच कशाला खोटं बोलू.

मला जुळ्या मुली, टिल्डा आणि मारेन. टिल्डा सतरा मिनिटांनी मोठी आणि पळण्यात चाळीस सेकंदांनी पुढे. पाच किलोमीटरच्या शर्यतीत चाळीस सेकंद म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. टिल्डा विस्कॉन्सिन राज्यात तिसरी आली, त्याच शर्यतीत मारेन एकतिसावी. पेपरात फोटो आला तो टिल्डाचा, मागे मारेनचा अर्धा हात. चर्चमध्ये बायका तिला विचारायच्या, "तू पळणारी की दुसरी?" ती हसून म्हणायची, "दुसरी." अहो, दोघी पळायच्या! पहाटे दोघी एकाच वेळी घराबाहेर पडायच्या. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार.

शाळेच्या शेवटच्या हिवाळ्यात कॉलेजांची पत्रं यायला लागली. बड्या नावाच्या कॉलेजांनी टिल्डाला विचारलं नाही, तेवढी वेगवान ती नव्हती. विचारलं ते मधल्या फळीतल्यांनी. यांचे संघ टीव्हीवर दिसत नाहीत, पण चांगल्या मुलीला फी माफ करतात, बूट देतात, बसने चार राज्यांत पळायला नेतात. मी मोठा कागद घेतला आणि रकाने आखले. फी किती, खोली-जेवण किती, वर्गात मुलं किती, शंभरातली किती जणं चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतात. माझा नवरा गॉर्डी दुधाचा टँकर चालवतो. त्याने खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"कॉलेज निवडतेयस की गाय?"

"दोन्हीचे दात मोजावे लागतात," मी म्हटलं. "तू कॉफी पी."

टिल्डाचं लगेच जमलं. इलिनॉयमधल्या एका कॉलेजाने सगळा खर्च उचलतो म्हणून सांगितलं. अभ्यासात ते बेताचंच. एकेका वर्गात दोनशे मुलं, आणि वेळेवर पदवी घेणारी शंभरात एक्केचाळीस. पण टिल्डाला पळायचं होतं आणि पुढे शाळेत खेळाची शिक्षिका व्हायचं होतं, तिला ते पुरे होतं.

मारेनचं मन आयोवातल्या एका छोट्या कॉलेजात अडकलं होतं. तिने चीज काढल्यावर कारखान्यात उरणाऱ्या निवळीवर शाळेत काहीतरी प्रयोग केला होता. तो वाचून तिथल्या रसायनशास्त्राच्या बाईंनी तिला दोन पानी पत्र लिहिलं होतं, तेही हाताने. वर्गात चौदा मुलं, पदवी घेणारी शंभरात ऐंशी. फीचा आकडा बघून मला घेरी आली, पण तिच्या गुणांवर त्यांनी भरपूर सूट दिली आणि आमच्या अंगावर वर्षाला एकोणीस हजार डॉलर उरले. तिथे पळायला संघ होता, पळण्याचे पैसे मात्र मिळणार नव्हते. मारेन म्हणाली, "चालेल गं आई. मी तशीही दुसरी."

तेवढ्यात इलिनॉयच्या कोचचा, ब्रिकनरचा, फोन आला. टिल्डाचं पक्कं समजू ना, असं विचारत होता. त्याच्या आवाजातली घाई मला कळली. समोरच्याला घाई आहे हे एकदा कळलं की मला राहवत नाही.

"दोघी घ्या," मी म्हटलं, "नाहीतर एकही नाही."

तो गप्प झाला. मीही गप्प. भाव करताना जो आधी बोलतो तो हरतो.

"मिसेस हाल्व्हर्सन, मारेन चांगली मुलगी आहे, पण आमच्या संघाच्या मानाने..."

"मग राहू द्या. टिल्डाला मिशिगनवाले पण विचारतायत." ही माझी थाप होती.

शेवटी मारेनला अर्धी फी माफ करायला तो तयार झाला. म्हणजे आमच्या अंगावर साडेपंधरा हजार. आयोवापेक्षा साडेतीन हजारांनी स्वस्त, शिवाय दोघी एकत्र. वरून मी त्याला सांगितलं, "हे आपल्या दोघांत. मारेनला तुम्ही स्वतः फोन करायचा, तिच्याबद्दलच बोलायचं." तो हो म्हणाला. फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले.

दुसऱ्या दिवशी मारेन धावत आत आली. मी बटाट्याचे काप भांड्यात रचत होते.

"आई, कोच ब्रिकनरचा फोन होता! मला! मी शेवटच्या टेकडीवर कशी चढते ते त्यांनी पाहिलंय. टिल्डाबद्दल एक शब्द नाही, आई, एकही नाही!"

"अगंबाई, खरंच?" मी म्हटलं. एवढं सोंग मी आयुष्यात केलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिने आयोवाला नकार कळवला. मी वरवर म्हटलं, त्या बाईंचं पत्र, ती प्रयोगशाळा, जरा विचार कर. ती म्हणाली, "हुशार म्हणून मला सगळेच विचारतात. पळण्यासाठी आजवर कोणी विचारलं नव्हतं." तेव्हा बोलायला हवं होतं, आणि मी बटाट्यावर चीज किसत बसले.

गॉर्डीला मी सगळं सांगितलं होतं. रात्री तो म्हणाला, "सांगून टाक तिला."

"कशाला? तिचा चेहरा बघितलास ना?"

"बघितला, म्हणूनच म्हणतोय."

त्याचं ऐकलं असतं तर! पण मी कधी कोणाचं ऐकलंय?

पहिल्या वर्षी मारेनने जीव तोडून सराव केला. फोनवर सांगायची, "त्यांनी माझ्यावर भरवसा टाकलाय, तो खरा करून दाखवायला हवा." उन्हाळ्यात घरी आली तर पिंडऱ्या दगडासारख्या. टिल्डा कुरकुरायची, "हिच्यामुळे मलाही पहाटे उठावं लागतं." दुसऱ्या शरदात टिल्डाशी तिचं अंतर अकरा सेकंदांवर आलं. संघात ती चौथी. रसायनशास्त्राच्या दोनशेच्या वर्गात तिला कंटाळा यायचा, प्रयोगाची पाळी महिन्यातून एकदा. पण ती तक्रार करायची नाही. पळण्याबद्दलच बोलायची.

ऑक्टोबरात तिथे मोठी शर्यत होती, आम्ही दोघं गाडीने गेलो. मारेन सातवी आली, टिल्डाच्या मागोमाग. मी बोंबलून बोंबलून घसा बसवून घेतला. घामेजलेली मारेन माझ्या गळ्यात पडलेली, तेवढ्यात ब्रिकनर आला. भला माणूस, खुशीत होता. माझा हात धरून म्हणाला, "मिसेस हाल्व्हर्सन, तुम्ही तेव्हा 'दोघी घ्या नाहीतर एकही नाही' म्हणून अडून बसलात ना, माझ्यावर उपकार केलेत. मी तर हिला घेणारच नव्हतो!"

त्याला वाटलं तो कौतुक करतोय. विसरला असेल बिचारा, दोन वर्षं होत आली होती. मारेनचे हात माझ्या गळ्यावरून खाली आले.

गाडीपाशी पोचल्यावर तिने विचारलं, "टेकडीचं कोणी सांगितलं त्यांना?"

"कसली टेकडी?"

"मी टेकडी कशी चढते ते. पहिल्या फोनवर ते म्हणाले होते. तू सांगितलंस?"

खोटं बोलायला माझी जीभ कधी अडली नव्हती, त्या दिवशी अडली. "हो," मी म्हटलं. "मीच. तुला बरं वाटावं म्हणून."

"त्यांनी मला पळताना पाहिलं तरी होतं का?"

"नाही गं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. टिल्डा ओरडली असती, दार आपटलं असतं. मारेनने फक्त बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट हातात घेतले आणि मोज्यांवर चालत वसतिगृहाकडे गेली. गॉर्डी मला एका शब्दाने बोलला नाही. घरी पोचेपर्यंत पाच तास मी रडत होते.

सोमवारी मी आयोवाला फोन लावला. फोनवरची मुलगी गोड होती. म्हणाली, ती सूट शाळेतून थेट येणाऱ्यांना असते, मधूनच कॉलेज बदलून येणाऱ्यांना त्याचा चौथा हिस्सा. मी भाव करायला गेले. ती म्हणाली, "मला कळतंय हो, पण इथे तसं नसतं." आणि त्या पत्रवाल्या बाई? त्या निवृत्त झाल्या होत्या.

मारेन पळत राहिली, कारण पळणं सोडलं तर अर्ध्या फीची माफी जाणार होती. नाताळात घरी आली तेव्हा माझ्याशी नीट बोलली, भांडी घासली, रताळी सोलली. पहाटे मात्र टिल्डा एकटीच बाहेर पडायची.

जानेवारीत एका दुपारी तिचा फोन आला. मी शाळेत पातेली आवरत होते.

"आई, ब्रिकनरनी बोलावलं होतं. पुढच्या वर्षापासून माझी सगळी फी माफ. आणि मला संघाची कप्तान करायचं म्हणतायत. टिल्डाला नाही, मला."

माझ्या हातातून पातेलं सुटलं. "मारेन! बाळा!"

"तू त्यांना काय सांगितलंस?"

"मी? अगं, काही नाही! त्या दिवसापासून मी त्या माणसाशी बोललेले नाही. देवाशप्पथ. बाबाची शप्पथ. तू कमावलंयस हे, तू स्वतः, अकरा सेकंद..."

"आई."

"वाटलं तर त्यालाच विचार!"

"मागच्या वेळी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं की. तेच म्हणाले होते, टेकडी बघितली."

मी शपथांवर शपथा घेत राहिले. स्वयंपाकघरातल्या बाकीच्या बायका हातातली कामं थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या. मारेनने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग अगदी मायेने, मी लहान आहे आणि ती माझी आई आहे अशा आवाजात, ती म्हणाली, "असू दे, आई. तू माझ्यासाठीच केलंस. पण मी त्यांना नाही म्हणून आलेय, आणि आजपासून पळणंही बंद. अर्ध्या फीचं मी बघते, कॅन्टीनमध्ये काम लागलंय."

"अगं, पण या वेळी खरंच..."

"ठेवते आई, तासाला उशीर होतोय," ती म्हणाली.