गालातली कॅप्सूल

सकाळचे आठ वाजले की बायको त्याच्या तळहातावर कॅप्सूल ठेवायची, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला द्यायची आणि घोट घशाखाली उतरेपर्यंत समोरून हलायची नाही. संध्याकाळी आठला पुन्हा तेच. तिनं आपली एक किडनी नवऱ्याला दिली होती, तेव्हा हा पहारा तिच्या हक्काचाच होता. त्यालाही ते मान्य होतं. म्हणून तर तो रोज सकाळी मुकाट पाणी प्यायचा आणि कॅप्सूल तेवढी गालात दाबून ठेवायचा.

हा गृहस्थ सलून चालवायचा. गळ्यावरून वस्तरा फिरला की नाही ते कळायचंसुद्धा नाही, म्हणून गिऱ्हाइकांनी त्याचं नाव रेशीम पाडलेलं. किडन्या निकामी झाल्यावर काही दिवस तो खुर्चीला धरून काम करत राहिला, मग तेही जमेना. तेव्हा बायको म्हणाली होती, "माझी घ्या. तुम्ही परत दुकानात उभे राहिलात की मला सगळं मिळालं." असं म्हणणाऱ्या बाईला नाही कोण म्हणणार?

तो उभा राहिला. पायांवरची सूज उतरली, तोंडाला चव आली. पण सकाळची कॅप्सूल पोटात गेली की तासाभरात बोटं थरथरू लागायची. कॅप्सूल कशासाठी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्याची किडनी शरीराला परकी वाटते, ते तिच्या जिवावर उठतं, त्याला आवरायला हे औषध जन्मभर घ्यायचं, तेही घड्याळाच्या काट्यावर. पण नऊ वाजता गिऱ्हाईक मान मागे टाकून, डोळे मिटून पडलेलं असे, तेव्हा या ज्ञानाचा काही उपयोग नसे. एकदा रोज दाढीला येणाऱ्या मास्तरांच्या कानाची पाळी कापली गेली. त्यानं घाईघाईनं तुरटी लावली. मास्तर भला माणूस, त्यांनी हूं की चूं केलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून दाढी वाढवायला घेतली. आठवड्याभरात त्यांच्या दोन मित्रांनीही वाढवली. सगळ्या गल्लीला एकदम वैराग्य आलं की काय, असं कुणाला वाटलं असतं, पण रेशीमला काय ते समजलं होतं.

हे घरी सांगायचं कसं? ज्या हातांसाठी तिनं स्वतःवर चाकू चालवून घेतला, तेच हात औषधानं काढून घेतले, हे बोलायला त्याची जीभ रेटेना. डॉक्टरीणबाईंना सांगावं, तर तिथंही ही शेजारच्या खुर्चीत. मग त्यानं स्वतःचं डोकं चालवलं. संध्याकाळची घ्यायची, सकाळची तेवढी चुकवायची. अर्धं तरी जातंय ना पोटात! रक्त तपासायच्या आधी तीन दिवस मात्र दोन्ही वेळा गिळायची, आणि त्या दिवसांत दाढीच्या गिऱ्हाइकांना सांगायचं, वस्तरा धार लावायला दिलाय. रक्तात औषध हवं तेवढं सापडायचं. डॉक्टरीणबाई समाधानानं मान हलवायच्या.

दुकान घरापासून पन्नास पावलांवर. तेवढं अंतर तो तोंड मिटून चालायचा आणि आत शिरला की कॅप्सूल केराच्या डब्यात, कालच्या केसांखाली ढकलायचा. निघताना बायकोनं काही विचारलं तर नुसतं हं. ऑपरेशनपासून हे सकाळी फार शांत असतात, असं ती शेजारणीला कौतुकानं सांगायची. ते कानावर आलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तेच करायचा.

हात पूर्वीसारखा झाला. मास्तरांनी दाढी उतरवली आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात खुर्चीत येऊन बसले.

पाच महिन्यांनी डॉक्टरीणबाई तपासणीच्या कागदावर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या. औषध रक्तात बरोबर होतं, पण किडनीचं काम मंदावलं होतं. एखादा डोस चुकतो का, असं त्यांनी विचारलं. तो उत्तराची जुळवाजुळव करतोय तोवर बायको बोलून गेली.

"एकही नाही. मी स्वतः हातावर ठेवते. गिळल्याशिवाय जागची हलत नाही मी."

झालं. आता खरं बोलावं तर ती परक्यांदेखत खोटी पडणार, आणि गप्प बसावं तर तिची किडनी जाणार. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की सुई घालून किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासावा लागेल, कधी कधी सगळं वेळेवर घेऊनही असं होतं. बायकोनं कागद स्वतःकडे ओढून घेतला. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं,

"माझीच किडनी हलकी निघाली का हो?"

आयुष्यात त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"किडनी चांगली आहे तिची," तो म्हणाला. "मी सकाळची गोळी थुंकतो. पाच महिने झाले."

मग वस्तरा, मास्तरांचा कान, केराचा डबा, सगळं बाहेर पडलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. हात थरथरतो हे पहिल्याच महिन्यात कानावर घालायचं होतं, काहीतरी करून पाहता आलं असतं, एवढंच म्हणाल्या. आता आधी किडनी वाचवायची. औषध वाढणार, थरथर वाढणार, वस्तरा निदान सहा महिने बंद. एवढं करून किडनी किती वाचेल ते सांगता येत नव्हतं. बायकोनं सगळे डोस नीट लिहून घेतले.

चार दिवस दवाखान्यात काढून ते घरी आले. त्या चार दिवसांत ती कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी सकाळी आठला तिनं नेहमीसारखी त्याच्या तळहातावर कॅप्सूल ठेवली, पेला दिला, आणि पाठ फिरवून भांडी घासायला लागली. त्यानं कॅप्सूल गिळली. जवळ जाऊन तोंड उघडलं, जीभ वर केली, दोन्ही गाल बोटानं ओढून दाखवले. बोटं आतापासूनच हलत होती.

"बघ ना," तो म्हणाला.

"मी नाही बघणार," ती भांड्यावरची नजर न काढता म्हणाली. "किडनी माझ्याकडे होती तोवर मी सांभाळली."

तो तसाच, तोंड उघडं ठेवून, तिच्या मागे उभा राहिला.