टोपी नव्हे, लोकरीची गर्भपिशवी

मित्रांनो, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी एक जुनी गर्भपिशवी आहे, आणि तीही गुलाबी लोकरीची! आईच्या पोटात बाळ जिच्यात वाढतं, तिची मी विणलेली नक्कल. वर फुगीर पोट, खाली अरुंद तोंड आणि आत एक कापडी बाहुली.

मला विणलं सिस्टरच्या आईने. सिस्टर म्हणजे ख्रिस्ती मठात राहणारी, मठाच्याच दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात वीस वर्षं काढलेली परिचारिका. पन्नाशीला टेकल्यावर तिने पीएचडीचा घाट घातला. बायकांना आपल्याच शरीराची नीट ओळख करून दिली तर बाळंतपणाची भीती कमी होते का, हा तिचा विषय. शेवटची गाठ मारून आई म्हणाली, "पाच बाळंतपणं झाली गं माझी, पण ही बया दिसते कशी ते आज कळलं." सिस्टर आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले.

मठात मला बघून काहींनी नाकं मुरडली. प्रार्थनेच्या घरात हे असलं काय! तेव्हा मठाच्या प्रमुख मदर म्हणाल्या, "देवाला हे घडवताना लाज वाटली नाही. मग आपल्याला कसली?"

सहा वर्षं दर गुरुवारी माझा वर्ग भरे. बायका आधी तोंडावर हात ठेवून खुसखुसत, मग मला उलटसुलट करून शंभर प्रश्न विचारत. एकीचं बाळ पोटातच गेलं होतं. त्या दिवशी सिस्टरने काही शिकवलं नाही. मला त्या बाईच्या मांडीवर ठेवलं आणि सिस्टर तिच्या शेजारी बसून राहिली.

शेवटी पीएचडीची तोंडी परीक्षा ठरली, तीही आमच्याच दवाखान्यात. आदल्या दिवशी सिस्टरने बाहुली काढून मला धुतलं आणि दोरीवर वाळत घातलं. तिथेच सगळा घोळ झाला! शेजारी नवजात बाळांच्या टोप्या वाळत होत्या. त्या विणणाऱ्या थोरल्या सिस्टर नव्वदीच्या, नजर अधू. त्यांनी टोप्यांबरोबर मलाही गोळा केलं आणि सकाळी एका ताज्या बाळाच्या डोक्यावर चढवलं. मला मात्र तिथे छान ऊब वाटत होती, खोटं कशाला बोलू?

इकडे सिस्टरने मठ पालथा घातला आणि शेवटी ती रिकाम्या हातांनी परीक्षेला गेली. तिथे काय झालं ते मला मागाहून कळलं. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम म्हणाल्या, "मुख्य साधनच हरवलं? मग बायकांना यातून खरंच काही समजलं, हे आम्ही कशावरून मानायचं?" सहा वर्षांचं काम पाण्यात जाणार असं सिस्टरला वाटलं.

वॉर्डात त्या बाळाची आई माझ्याकडे टक लावून बघत होती. एकदम ओरडली, "अहो, ही टोपी नाही! ही आमच्या गुरुवारच्या वर्गातली गर्भपिशवी आहे!"

"गप गं," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "जरा सैल झालीय, एवढंच."

वॉर्डातली नर्स धावत निरोप घेऊन गेली. परीक्षक मॅडमना हसू आवरेना. "चला, तिकडेच बघू," म्हणत त्या उठल्या.

मला काढताच बाळाने टाहो फोडला, म्हणून त्याला खरी टोपी मिळाली. त्याच्या आईने बाहुलीऐवजी स्वतःची मूठ माझ्यात घातली. "बघा मॅडम, कळ आली की हे वरून असं आवळतं. मग हे तोंड पातळ होतं, हळूहळू उघडतं. काल दुपारपासून माझं हेच चाललं होतं."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की! पण आत काय चाललंय ते कळत होतं. प्रत्येक कळेला मी मनाशी म्हणायचे, अजून थोडं उघडलं. कुणावर ओरडले नाही मी. म्हणजे, नवरा सोडून."

सगळा वॉर्ड हसला. सिस्टर तेवढी रडत होती. परीक्षक मॅडमनी फाइल मिटली आणि त्या म्हणाल्या, "मला आणखी काही विचारायचं नाही, डॉक्टर सिस्टर."

मित्रांनो, आता माझा रंग विटलाय, टाके उसवलेत. मला कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, एवढं केलंत तरी मी बरीच वर्षं टिकेन. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. जिच्यात तुम्ही नऊ महिने पाय दुमडून राहिलात, त्या खऱ्या पिशवीबद्दल आईला एकदा विचारा. ती कदाचित लाजेल. तुम्ही लाजू नका.