आधी बारा जण

तुरुंग फोडायला गर्दी चालून आली, तेव्हा टेक्सासमधल्या त्या गावचा शेरीफ वेंडेल टट पायरीवर बंदूक घेऊन उभा होता. आतल्या कैद्यावर वेंडेलच्याच भावाच्या खुनाचा आळ होता.

"अरे, तुझा सख्खा भाऊ मारला त्यानं! हो बाजूला!" दोर घेऊन आलेला ऑर्विल खाटीक ओरडला.

वेंडेलनं बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर हाणला. नाक फुटलं, दोर रक्तानं भिजला. "फासावर मीच चढवीन हरामखोराला! पण आधी ज्युरीच्या बारा जणांना बोलू दे!"

खटल्यात पुरावा लंगडा पडला. ज्युरीचा म्होरक्या उठला. नाकाला पट्टी बांधलेला ऑर्विलच तो. मान खाली घालून म्हणाला, "निर्दोष."

वेंडेलला ते पटलं नाही, कधी पटणारही नव्हतं. कचकचून शिव्या देत त्यानं स्वतःच्या हातानं कैद्याच्या बेड्या काढल्या.