अर्धी मात्रा मागे

“थांबा,” म्हणत मास्तरांनी पेटीवरचे हात उचलले. “कुणीतरी अर्धी मात्रा मागे येतंय.”

रांगेतल्या ऑपरेटरबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

निवृत्त माणसांच्या या मंडळात ज्याला जे येतं ते त्याने बाकीच्यांना शिकवायचं, असा शिरस्ता होता. मास्तर गाणं शिकवत. पंपकाकांनी गळका नळ दुरुस्त करायला शिकवलं होतं. बाईंच्या मोरीतला नळ त्यानंतर एकदाही टिपकला नव्हता. बाईंनी सगळ्यांना मोबाइल शिकवला, गाण्यात मात्र चक्क लबाडी चालवली होती. टेलिफोनवर चौतीस वर्षं ज्या आवाजाचं कौतुक झालं, तो आता वरच्या पट्टीत फाटायचा. हसं नको, म्हणून बाई वर्षभर नुसते ओठ हलवत होत्या. बाकीचे गायला लागले की मग तोंड उघडायचं.

शेजारी पंपकाका उभे राहत. नोकरीभर ऐकलेल्या पंपांच्या घरघरीत त्यांचे कान कामातून गेले होते. ते बाईंच्या ओठांकडे बघून गात, आणि गात ते खणखणीत.

मास्तर उठले आणि सगळ्यांना गायला लावून रांगेतून कान देत फिरले. काकांच्या आवाजापुढे बाईंची लबाडी कुणाच्या लक्षात आली नाही. मास्तर काकांसमोर थांबून सावकाश म्हणाले, “काका, कार्यक्रमाला तुम्ही या वेळी समोर श्रोत्यांत बसा.”

उशीर काकांचा नव्हता, बाईंचा होता. एका वाक्याचं काम होतं. बाईंनी वहीत डोकं खुपसलं.

वर्ग सुटल्यावर काका आपणहून त्यांच्याजवळ आले.

“वाईट वाटून घेऊ नका, ताई. तुम्ही बरोबरच दाखवत होता, मलाच जमलं नाही. वर्षभर गायला मिळालं, तेही तुमच्यामुळेच.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चूक माझी होती, काका,” त्या म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण मान खाली घालून, पिशवीचे बंद आवळत. अशाने काकांना काही कळणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“काय म्हणालात? वर बघून सांगा.”

बाईंनी वर पाहिलं. काका नेहमीसारखे त्यांच्या ओठांकडे बघत होते.

“काही नाही,” बाई एकेक अक्षर नीट उच्चारत म्हणाल्या. “जिना जपून उतरा.”

काका मान डोलावून निघाले. कठड्याला धरून उतरताना ते तेच गाणं म्हणत होते. बाई वर दाराशी उभ्या राहून ऐकत राहिल्या. आता बघायला कुणाचे ओठ नव्हते, आणि काका एकेका पायरीवर एकेक मात्रा टाकत अगदी ठेक्यात गात होते.