एक्केचाळीस नंबरचा प्लॉट

चंपतराव नागपुरात एका सरकारी कचेरीत ओव्हरसियर होते. शहराच्या हद्दीबाहेर नवे ले-आउट पडत, त्यांचे नकाशे मंजुरीला येत. रस्ता तीस फुटी आहे का, नाली कुठून निघते, मोकळी जागा सोडली की नाही, हे जाग्यावर जाऊन पाहणं त्यांच्याकडे होतं. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमारास जरीपटक्यापलीकडची शेतंच्या शेतं चुन्याच्या रेघांनी कापली जात होती.

त्या उन्हाळ्यात ते असंच एक शेत मोजत होते. नत्थूजी नावाच्या कास्तकारानं ते नुकतंच विकलं होतं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाभळीखाली त्याची बायको देवकी बसली होती. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "साहेब, तिथं खुंटी नका ठोकू."

"काहून?"

"माही पोरगी हाये तिथं. दीड वर्साची होती, गोवरानं गेली. लहान्या लेकराले जाळत नाहीत ना. माह्या मालकानंच पुरली. शेत घेनाऱ्याले म्हटलं होतं, तेवढा कोपरा सोडजा. हो म्हणाला तो."

चंपतरावांनी नकाशा उलगडला. तिथं एक्केचाळीस नंबरचा प्लॉट होता.

त्यांनी अर्धवट ठोकलेली खुंटी उपटली. बाभळीपासून आणि रस्त्याच्या कडेपासून ती जागा मोजली आणि वहीत लिहून घेतली. अहवालात शेरा मारला, की मोकळी जागा नाल्याकाठी न ठेवता इथं ठेवावी.

कचेरीतल्या वरच्या साहेबांनी शेरा वाचला. "तिथं दगड, ओटा काही आहे?"

"नाही, सर."

"सातबाऱ्यावर नोंद?"

"नाही."

"मग कशाच्या आधारावर बदलू? नाल्याकाठी घर बांधता येत नाही, म्हणून ती जागा मोकळी सोडली. त्यात चूक काय?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्या दिवशी त्यांच्यापुढं चौदा नकाशे होते. हा मंजूर झाला.

दिवाळीनंतर देवकी कचेरीत आली. जेवणाच्या सुटीपर्यंत पायरीवर बसून राहिली.

"बाभूळ तोडली, धुरा मोडला, सारं सपाट केलं," ती म्हणाली. "आता मले जागाच गवसत नाही. मालकालेही सांगता येत नाही. तुम्ही मोजलं होतं ना?"

मोजलं होतं. एक्केचाळीस नंबरच्या घराचा नकाशाही गेल्याच आठवड्यात त्यांच्या टेबलावरून गेला होता. पुढं दहा फूट अंगण, मग ओसरी, मग खोली, मागं स्वयंपाकघर. ती जागा नेमकी स्वयंपाकघरात येत होती. हे जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

"अंगणात येते, बाई," चंपतराव म्हणाले. "फाटकाच्या उजव्या हाताला. पुढची जागा मोकळी सोडायचा नियमच आहे. तिथं कोणी बांधणार नाही."

"खरंच?"

"खरंच."

तिनं हात जोडले. चंपतरावांना तिच्याकडे पाहवलं नाही.

दोन वर्षांनी रस्ते तपासायला ते पुन्हा त्या ले-आउटात गेले. एक्केचाळीस नंबरात आता प्रेमिला नावाची बाई राहत होती. नवरा खापरखेड्याच्या पॉवर हाउसमध्ये कामाला. तिनं प्यायला पाणी दिलं. आत स्वयंपाकघरात स्टो फरफरत होता. फाटकाच्या उजवीकडे चाफ्याचं रोप चांगलं कमरेएवढं झालं होतं.

"ते एका मावशीनं लावलं," प्रेमिला म्हणाली. "दर बुधवारी येते, पाणी टाकते, घडीभर बसते. पहिले मी भ्याली. मग तिनं सांगितलं सारं. म्हटलं, येत जा वं मावशी, तुहीच जागा हाये."

"बरं केलं तुम्ही," म्हणून चंपतरावांनी गिलास परत दिला.

रस्त्याच्या वळणावर देवकीच भेटली. हातात लोटा होता. पूर्वीपेक्षा वाळली होती, पण चेहरा निवांत होता.

"तुम्ही सांगितलं म्हणून बरं झालं, भाऊ," ती म्हणाली. "नाहीतर कुठं शोधली असती मी तिले? आन् पोरीचं नाव तर तुम्हाले सांगितलंच नव्हतं मी. वेणू होतं."

ती फाटकाकडे निघून गेली. चंपतरावांना सायकलवर बसवेना. जरीपटक्यापर्यंत ते सायकल हातात धरून पायीच गेले.