निळ्या मॅटॅडोरवरची अकरा तोंडं

मामा नेव्हीतून रिटायर होऊन मुदखेडला आला, तो आठ सिलेंडर घेऊनच. पाण्याखाली श्वास घ्यायचे. समुद्र इथून एका दिवसाच्या रस्त्यावर, पण मामाचं ठरलं व्हतं. पोरं मालवणला न्यायची, बुडी मारायला शिकवायची, परत आणायची. त्याला एक गाडी पायजे व्हती अन् एक माणूस. माणूस मी. लातूरचा क्लास सोडून मला महिना झाला व्हता.

बाबा शाळेत मास्तर. ते एकच बोलले. दसऱ्यापर्यंत मामाच्या पयल्या ट्रिपच्या सातही सीटा भरल्या तर ऱ्हा, न्हाईतर परत त्याच क्लासात.

आधी सुमो पायली. सिलेंडर आडवे ऱ्हात व्हते, मामाला उभेच पायजेत. मग दुधाचा टेम्पो. उंची बरोबर, पण वास असा की समुद्रातनं काय काय बाहेर काढलेल्या मामानं नाकाला रुमाल लावला. तिसरी मॅटॅडोर. भूकंपात हिनं ब्लँकेटं वाहिली, मग लातूरच्या क्लासवाल्यानं घेतली, आता तो विकून राहिला व्हता. वर्षभर मी हिच्यातच हॉस्टेलवरून क्लासला गेलो. शेवटच्या बाकड्याखाली माझं नाव कोरलेलं हाय. मामाला म्हणलो, ही सोडून कोणतीबी घे. मामानं खाली वाकून चासी ठोकली अन् हीच घेतली.

अर्धी बाकडी काढली. तिथं लोखंडी चौकट वेल्डिंग करून घेतली, सिलेंडर घासू नयेत म्हणून मधी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबा. ओल्या कपड्याचं पाणी गळून जावं म्हणून पत्र्याला भोकं पाडली. टपावर खारं पाणी धुवायला गोड्या पाण्याचा ड्रम.

राहिला रंग. गाडीच्या उजव्या अंगाला क्लासच्या अकरा टॉपरची तोंडं रंगवलेली व्हती, मार्कांसकट. व्यंकटी पेंटरनं क्लासचं नाव पुसलं, मार्क पुसले, गाडी निळी केली अन् तोंडं तशीच ठेवली.

"जित्या माणसाच्या तोंडाला मी रंग फासत न्हाई," तो म्हणला. "बोर्डात आलेली लेकरं हायत."

मी त्याच्या हातचा ब्रश हिसकावला. मामानं माझ्या हातचा घेतला. निळ्या रंगात अकरा मुंडकी तरंगून राहिली. शेवटचं मिहिरचं, माझ्या रूममेटचं, चष्म्यासकट.

"पवून राहिलेत असं समज," व्यंकटी म्हणला.

नांदेडात तीन दिवस गाडी लावली. एक सायकल दुरुस्तीवाला तेवढा आला. सिलेंडरात नुसती हवा हाय म्हणल्यावर तो म्हणला, आमच्याकडं फुकट भरून देतो.

मग हिमायतनगरच्या बाजारात लावली. धोंडाबाई नावाची बाई पोराला घेऊन आली. तिनं अकराही तोंडं नीट पायली. मामानं सगळं खरं सांगितलं. हा तो क्लास न्हाई, समुद्र हाय, पाण्याखाली जायचं हाय. तिनं ऐकून घेतलं.

"पेपर असतो का?"

"असतो. लेखी. पास झाल्याबिगर पाण्यात सोडत न्हाई."

"मग क्लासच की," ती म्हणली अन् पोराची पेटी आत सरकवली.

बाजार उठायच्या आत सात पेट्या आत. मामा सगळ्यांना पयल्यापासून सांगत व्हता, सगळे पेपरचंच विचारत व्हते. बाबा घरून येऊन पोरं मोजून गेले. दोनदा.

मला वाटलं, सुटलो. मामानं माझ्या हातात बुडी मारायचं पुस्तक दिलं. पेपर मलाबी व्हता, पंच्याहत्तर पायजेत. नापास झालो तर गाडी मालवणला जाईल, मी लातूरला. घरी बाबानीबी होकाराची मान हालवली. मी टायरला लाथ घातली, टायरला काय झालं न्हाई.

आठ दिवस त्याच शेवटच्या बाकड्यावर बसून वाचलं. पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा न्हाई, हा पयला नियम. मला अठ्ठ्याहत्तर पडले.

दसऱ्याला सकाळी गाडीला हार घातला. मिहिरच्या शेजारी, डिझेलच्या झाकणावर, बारावं तोंड व्हतं. माझं, दहावीच्या हॉलतिकिटावरचं, तेल लावून भांग पाडलेलं. फोटो बाबानीच नेऊन दिला, व्यंकटी म्हणला.

मी रंग पुसायच्या थिनरचा डबा उचलला. बाबा दुसरीकडं बघून राहिले व्हते. डबा सीटखाली ठेवला अन् मामाला म्हणलो, चल.